उरलेला श्वास

सोमवारी सकाळी ऑफिसच्या स्टँड-अप मीटिंगमध्ये मंजिरी खैरनार एक वाक्य गिळून बसली, आणि कानोशाला ते कळलंच नाही.

टीममधले सगळे नेहमीसारखे गोल करून उभे होते. काल काय केलं, आज काय करणार, कुठे काही अडतंय का, एवढंच प्रत्येकानं सांगायचं. मंजिरीची पाळी आली तशी ती म्हणाली, "काल सुट्टी. आज रिलीजची तपासणी. अडथळा नाही." छताला चिकटवलेल्या पांढऱ्या तबकडीनं तिचं बोलणं ऐकलं, तिचा श्वास मोजला, आणि भिंतीवरची पट्टी होती तशी हिरवी राहिली. पुढचा बोलायला लागला.

तिला खरं म्हणजे सांगायचं होतं की रविवारी दुपारी माझ्या वडिलांचा श्वास थांबला होता आणि आपलं यंत्र शेजारी नुसतं बघत बसलं होतं. हे वाक्य कालपासून तिच्या जिभेवर होतं. ते तिनं आयत्या वेळी गिळलं. आणि माणसांनी गिळलेली वाक्यं पकडायची, एवढ्यासाठीच तर कानोसा बनवला होता. कानोसा तिनंच बनवला होता.

तेव्हा आधी कानोशाबद्दल सांगायला हवं.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये 'अनुश्वास' कंपनी सुरू झाली तेव्हा तिथे जेमतेम सहा-सात माणसं होती. झोपेत ज्यांचा श्वास मध्येच अडतो अशांसाठी 'सोबत' नावाचं यंत्र ते बनवत. नाकावर मास्क लावायचा, उशाशी डबा ठेवायचा. श्वास थांबला की डबा हळूच हवा ढकलतो. मालक माधव गायधनी. त्याला सगळे माधवदादा म्हणत. सकाळचा स्टँड-अप संपला की माधवदादा चहासाठी विजेची किटली चालू करायचा आणि विचारायचा, "कुणाच्या पोटात काही?" पाणी उकळून किटली खट्‌ करेपर्यंत कुणी हलायचं नाही, असा शिरस्ता होता. त्या शांततेत माणूस अवघडायचा. पाणी गुणगुणायला लागलं की कुणीतरी हमखास म्हणायचं, "नाही म्हणजे, तसं काही नाही, पण..." सोबतमधले निम्मे दोष त्या 'पण'च्या पुढे सापडले होते.

मग कंपनी वाढली. अंबडला काचेची इमारत आली, पुण्याला एक ऑफिस, हैदराबादला एक. टीमच टीम झाल्या, आणि प्रत्येक टीमपाशी किटली घेऊन उभं राहायला माधवदादाला काही चार हात नव्हते. जुनी किटली रिसेप्शनमधल्या काचेच्या कपाटात गेली. खाली पितळी पाटी आली, 'इथून सुरुवात झाली'. तेव्हा मंजिरीनं त्याला म्हटलं होतं, "दादा, किटलीचं काम करणारं यंत्र मी करून देते."

तिची कल्पना साधी होती. बोलण्याआधी आपण श्वास घेतो, आणि किती घ्यायचा हे मेंदू आधीच ठरवून टाकतो. 'जेवायला चल' म्हणायचं असेल तर इवलासा श्वास पुरतो. शेजारच्यांच्या लग्नात काय काय झालं हे सांगायचं असेल, तर आधी छाती भरून घ्यावी लागते. आता समजा, तुम्ही मोठं काही सांगायला छाती भरून घेतली आणि आयत्या वेळी 'नाही, काही नाही' म्हणून गप्प बसलात. हवा तर घेतलेली आहे, शब्द तर झाले नाहीत. मग ती हवा नाकावाटे गुपचूप बाहेर सोडावी लागते. मंजिरीनं तिला नाव दिलं 'उरलेला श्वास'. छतावरच्या तबकडीतून बारीक रेडिओलहरी सुटतात, माणसांच्या छातीवर आपटून परत येतात, आणि कुणाची छाती किती फुगली हे सांगतात. गाडी मागे घेताना भिंत किती लांब आहे ते सांगणाऱ्या सेन्सरचाच हा चुलतभाऊ. शब्द मोजायचे, श्वास मोजायचा, वजाबाकी करायची. एखाद्या टीममध्ये उरलेला श्वास फार साचला की पट्टी आधी पिवळी होते, मग लाल. लाल झाली की टीमच्या प्रमुखानं सगळ्यांना बसवून विचारायचं, "काय राहिलं बोलायचं?"

पहिलं वर्ष कानोशानं कमाल केली. मास्कचा पट्टा म्हाताऱ्यांच्या कानामागे काचतो हे टीममधल्या एका मुलाला ठाऊक होतं आणि तो लाजेकाजेस्तव बोलत नव्हता. पट्टी लाल झाली आणि पट्टा बदलला. मंजिरीचे सत्कार झाले, भाषणं झाली. मग वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की ज्याची पट्टी हिरवी त्याची टीम निरोगी, आणि ज्याची टीम निरोगी त्याला बढती. पाठोपाठ पुण्याहून एक बाई 'मोजकं बोला' शिकवायला येऊ लागल्या. 'एक श्वास, एक मुद्दा' असं लिहिलेले कप आले. प्रमुख मंडळी गाडीत बसल्या बसल्या सराव करू लागली. लाल पट्ट्या कमी झाल्या तसा सगळ्यांना आनंद झाला. मंजिरीलाही झाला, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

आता रविवारचं.

मंजिरी इंदिरानगरात वडिलांबरोबर राहायची. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत पी.टी. शिकवायचे, अख्ख्या मैदानाला 'सावधान' म्हणणारा आवाज निवृत्तीनंतरही उतरला नव्हता. झोपेत श्वास अडण्याचा आजार त्यांना होता, त्यामुळे सोबत त्यांच्याकडे होतंच. शिवाय कंपनीचा आणखी एक जुना नियम होता : 'आधी आपल्या घरी.' नवीन व्हर्जन गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी कर्मचाऱ्यांच्या घरच्या यंत्रांवर चढायचं. शुक्रवारी ते आप्पांच्या यंत्रावर चढलं होतं. या व्हर्जनची मोठी गोष्ट अशी की माणूस मास्क लावून बोलायला लागला की सोबतला ते कळे, आणि तो जागा आहे असं समजून यंत्र हवा ढकलणं थांबवे. डब्यावरचा हिरवा दिवा निळा होई. आजवर बोलताना तोंडात हवा शिरे आणि लोक वैतागत. बुधवारच्या रिलीजनंतर देशभरातल्या लाखो घरांत हे व्हर्जन जाणार होतं.

रविवारी जेवण झाल्यावर आप्पा मास्क लावून टीव्हीसमोरच्या दिवाणावर आडवे झाले. बातम्या चालू होत्या. चारजण एकमेकांवर ओरडत होते. मंजिरी भांडी आवरून बाहेर आली तर आप्पांची छाती हलत नव्हती, आणि डब्यावर निळा दिवा शांतपणे जळत होता. यंत्राच्या मते आप्पा जागे होते आणि गप्पा मारत होते.

तिनं धावत जाऊन त्यांना गदागदा हलवलं. आप्पांनी घशातून मोठा आवाज काढत श्वास ओढला, डोळे किलकिले केले आणि टीव्हीकडे हात करून म्हणाले, "बंद करू नकोस, बघतोय मी."

तिला हसावं की रडावं कळेना. मास्क सैल असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. टीव्हीचा आवाज यंत्राला आप्पांचा वाटला असेल, असंही एकदा मनात आलं. पण झोपेच्या प्रयोगशाळेत तर शेकडो माणसं झोपवून तपासलं होतं. त्या प्रयोगशाळेतल्या खोल्यांमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यायची. टीव्ही लावून झोपणारं माणूस तिथे कोण आणणार? खात्री नव्हती. आणि खात्री नसलेलं वाक्य फार लांब होतं.

सोमवारी स्टँड-अप संपल्या संपल्या ती हर्षद बोरस्तेकडे गेली. कानोशाची सगळी आकडेवारी तो सांभाळायचा. तरुण, उत्साही, आणि मंजिरीला मनापासून मानणारा.

"ताई, बघा तरी!" त्यानं खुर्ची ओढून दिली. "अख्खी कंपनी हिरवी. तीन शहरं, एक लाल पट्टी नाही. बुधवारच्या मीटिंगमध्ये हेच दाखवायचंय."

"उरलेला श्वास?"

"जवळजवळ शून्य!"

शून्य कधीच नसायचं. शेडमधल्या दिवसांत, किटलीच्या समोरसुद्धा, माणसं काही ना काही मागे ठेवायचीच.

"घेतलेला दाखव."

"काय?"

"उरलेला नको. घेतलेला श्वास."

हर्षदनं तो आलेख काढला. तो कुणी कधी मागत नसे. वर्षभरापूर्वी रेघ उंच होती, उड्या मारत होती. मग ती हळूहळू उतरत गेली होती आणि गेले कित्येक महिने तळाशी सपाट पडली होती. आधी लोक मोठा श्वास घेऊन छोटं बोलत. आता ते श्वासच छोटा घेत होते. लांब वाक्याची तयारीच कुणी करत नव्हतं, म्हणून काही उरत नव्हतं. आणि ज्या वाक्यासाठी छाती भरत नाही, ते वाक्य डोक्यात तरी पुरतं तयार होत असेल का? मंजिरी आलेखाकडे बघत राहिली. तिला सकाळचा स्वतःचा श्वास आठवला. तो तिनं चोरला नव्हता. तो तसाच, तेवढाच आला होता.

"काय झालं ताई?"

"काही नाही."

हर्षद स्क्रीन बंद करत म्हणाला, "बाकी नवं व्हर्जन मस्त आहे हं. ओझरला आईच्या यंत्रावर शुक्रवारी चढलं. दुपारी मालिका बघता बघता एवढी छान झोपते म्हणते, की विचारू नका."

मंजिरीनं त्याच्याकडे पाहिलं. सांगायला हवं होतं. 'हर्षद, आईला म्हणावं टीव्ही बंद करून झोप, कारण मला भीती वाटतेय की...' इतकंच. पण छातीत इवलासा श्वास आला, आणि त्यात एकच शब्द मावला.

"छान," ती म्हणाली.

घरी गेल्यावर तिनं आप्पांना बजावलं, "टीव्ही बंद. मगच झोपा."

"का गं?"

"यंत्र. गोंधळतंय."

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मंजू, तू हल्ली अशी तार पाठवल्यासारखी का बोलतेस? लहानपणी तुझं तोंड बंद करायला मला शिट्टी वाजवावी लागायची."

खोलीत जाऊन तिनं आप्पांच्या यंत्रावर जुनं व्हर्जन परत टाकण्यासाठी अर्ज उघडला. कारण लिहा, म्हणून रकाना होता. टीममधल्या सगळ्यांना ते कारण दिसणार होतं. तिनं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. आपलीच पट्टी, आपलंच रिलीज, आणि खात्री तर नाहीच. आप्पांनी टीव्ही बंद करायचं कबूल केलंय ना, मग झालं. अर्ज तिनं मिटून टाकला, आणि त्या भित्रेपणाची तिला स्वतःचीच चीड आली.

मंगळवारी तिनं माधवदादाला गाठलं. तो मुंबईहून परतत होता. फोनवर गाडीचा आवाज येत होता.

"दादा. सोबतमध्ये गडबड."

"कसली?"

"टीव्ही. आप्पा झोपले. यंत्र थांबलं."

"म्हणजे? नीट सांग की."

तिला नीट सांगायचं होतं. सगळं डोक्यात होतं : चर्चेचा आवाज, निळा दिवा, प्रयोगशाळेतली शांतता, हर्षदचा आलेख. पण वाक्य जोडायला गेली की मध्येच हवा संपत होती, जिना चढल्यावर संपते तशी.

"आवाज... यंत्राला वाटतं जागे."

"किती वेळा झालं?"

"एकदा."

"मास्क नीट होता?"

"माहीत नाही."

"खात्री आहे तुला?"

"नाही."

माधवदादा वाईट माणूस नव्हता. "मंजिरी, बाकी एकाही टीमला शंका नाही. सगळं हिरवं आहे. यंत्र तुझंच आहे, त्याच्यावर तरी विश्वास ठेव. बग नोंदवून टाक, रिलीजनंतर पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू."

तिनं फोन ठेवला.

बुधवारी जेवणानंतर रिलीजची मीटिंग होती. मंजिरी लिफ्टकडे निघाली, आणि रिसेप्शनमध्ये थांबली. काचेच्या कपाटाला कुलूप नव्हतं. किटली कोण चोरणार? तिनं ती उचलली. रिसेप्शनवरची मुलगी अर्धवट उठली, पण काही बोलली नाही. तिनंही छोटाच श्वास घेतला असावा.

वर मोठ्या टेबलाभोवती सगळ्या टीमचे प्रमुख बसले होते, पुण्या-हैदराबादचे पडद्यावर. कोपऱ्यात हर्षद त्याची हिरवी आकडेवारी घेऊन तयार. एकेक जण सांगत गेला. "मास्क, तयार." "मोटर, तयार." "आवाज-ओळख, तयार, अडथळा नाही." पट्टी पानासारखी हिरवी. मग मंजिरीची पाळी.

ती उठली. छाती भरून घ्यायचा प्रयत्न केला तर बरगड्यांत चमक आली. "थांबा," एवढंच म्हणाली. मग तिनं बाटलीतलं पाणी किटलीत ओतलं, वायर भिंतीला लावली आणि बटण दाबलं.

पुण्याच्या पडद्यावर कुणीतरी हसलं. माधवदादा मात्र हसला नाही. तो किटलीकडे बघत राहिला.

"कुणाच्या पोटात काही?" मंजिरीनं विचारलं. "पाणी उकळेपर्यंत. बोला. नाहीतर बसा."

जुनी किटली, तापायला वेळ घेणारच. पहिल्यांदा लोक मोबाइलकडे बघत राहिले. मग छताकडे. मग एकमेकांकडे. मंजिरीच्या मनात येत होतं : हे पाणी असंच उकळून जाईल, कुणी काही बोलणार नाही, आणि संध्याकाळी रिलीजचं बटण दाबलं जाईल. पाणी गुणगुणायला लागलं. मोटरच्या टीमची बाई खुर्चीत हलली, तिनं श्वास घेतला, सोडला. पट्टी किंचित पिवळी झाली. दोन-तीन जणांनी तिकडे पाहिलं आणि घाईनं नजर वळवली.

"नाही म्हणजे, तसं काही नाही," मोटरवाली म्हणाली, "पण माझे सासरे... टीव्ही लावून झोपतात. दिवा निळाच असतो. मला वाटलं, जागे असतील."

"माझ्या मामांचं पण," पडद्यावरून आवाज आला. "रेडिओ असतो त्यांच्या उशाशी. काल उठले ते घाबरेघुबरे होऊन. ॲसिडिटी म्हणालो आम्ही."

पट्टी लाल झाली. कोपऱ्यात हर्षद उभा राहिला होता. त्याच्या तोंडाचा रंग उडाला होता.

किटली खट्‌ झाली. आणि मंजिरीला कळलंही नाही की आपण केव्हा छाती भरून घेतली. "रविवारी माझे वडील बातम्या लावून झोपले होते आणि यंत्राला टीव्हीतल्या माणसांचा आवाज त्यांचा वाटला म्हणून त्यांचा श्वास थांबलेला असताना ते गप्प बसलं, आणि हे मला तेव्हापासून वाटतंय पण मी ते स्टँड-अपमध्ये बोलले नाही, कारण आपण सगळ्यांनी न बोलायची इतकी सवय करून घेतलीय की आता आपल्याला शंकासुद्धा येत नाहीत, आणि ती सवय माझ्या यंत्रानं लावली." बोलून झाल्यावर ती टेबलाला धरून उभी राहिली.

माधवदादानं डोळे मिटून घेतले. "रिलीज थांबवा," तो म्हणाला. "आपल्या घरांमधलं पण मागे घ्या. आत्ता."

"घेता येईल," कुणीतरी म्हणालं, "पण जुनं व्हर्जन चालू यंत्रावर चढत नाही. बंद करून परत चालू करावं लागतं."

सगळ्यांनी एकदम घड्याळाकडे पाहिलं. दुपारची वेळ. जेवणं झालेली. महाराष्ट्रातले एकूण एक म्हातारे या घटकेला कुठे असतात, हे सांगायला कुठल्या यंत्राची गरज नव्हती.

पहिला फोन माधवदादानंच लावला. मग सगळ्यांनी. खोलीभर नुसती वाजणाऱ्या फोनांची घरघर. "हॅलो, अहो बाबा, ते यंत्र बंद करा, हो, आत्ताच्या आत्ता." "मामी, मामांना उठव." एकेकाचा फोन उचलला जात होता आणि एकेकजण खुर्चीत बसत होता. मंजिरीचा वाजत होता. आप्पांनी टीव्ही बंद करीन असं कबूल केलं होतं. पण आप्पांनी साखरही सोडीन असं कबूल केलं होतं. रिंग संपली. तिनं परत लावला. डोळ्यांसमोर तो दिवाण, तो निळा दिवा. अर्ज मिटताना हललेलं आपलंच बोट तिला दिसत होतं. देवा, उचला. आप्पा, उचला.

खरखर झाली. मागे चारजण एकमेकांवर ओरडत होते.

"कोण आहे?" आप्पांचा झोपेतला जड आवाज आला. "बघतोय मी."

मंजिरी मटकन खाली बसली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती बोलत सुटली. मास्क काढा, डबा बंद करा, टीव्ही बंद करा, उठून बसा, पाणी प्या, आणि मी येईपर्यंत अजिबात आडवे होऊ नका, मी तुम्हाला रविवारीच सगळं नीट सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, चुकले मी. पलीकडे आप्पा जरा थांबले आणि म्हणाले, "आता कशी माणसासारखी बोललीस."

ती रडता रडता हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की खोली शांत झाली आहे. सगळ्यांचे फोन झाले होते.

कोपऱ्यात हर्षद पाठमोरा उभा होता. मोबाइल त्यानं कानाला घट्ट धरला होता. दर थोड्या वेळानं तो कानापासून काढून परत लावत होता. ओझरला आई एकटीच असायची.

"ठेवते आप्पा," मंजिरी म्हणाली, आणि उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याच्याशी बोलायला तिनं छाती भरून श्वास घेतला. आता तिच्याजवळ हवा भरपूर होती. शब्द मात्र एकही सापडला नाही.

ओझरला फोन वाजतच होता.